उतरती रेघ

कल्याणच्या रेल्वे कचेरीत मी नकाशे काढायला होतो. आमचा साहेब पावसाची नोंद चौकटीच्या कागदावर करायचा. दर आठवड्याला एक ठिपका आणि ठिपके जोडणारी रेघ. रेघ चढली की पाऊस वाढला, उतरली की कमी झाला. मला त्याचं वेडच लागलं. अठराशे शहात्तर साली घाटापलीकडे देशावर दुष्काळ पडला, त्या आश्विनात मी तसाच एक कागद घरी आणला आणि तांदळाच्या भावाची रेघ काढायला बसलो.

बाजारात भाव सांगत तो रुपयाला किती शेर असा. मी दर सोमवारी ते शेर मांडले. जुन्या तांदळाला तांबडी शाई, नव्याला निळी. रेघ फारच आडवी दिसायला लागली म्हणून एका शेराला एक चौकट होती तिथे चार दिल्या. मग रेघ अशी घसरली की बघत राहावं. कडेला लिहिलेले शेरांचे आकडे मात्र वेडेवाकडे आले होते, ते मी चाकूने खरवडून काढले. कागद देखणा झाला. तो ओटीवर टांगून मी येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगू लागलो. माझी बायको उत्तरा आतून म्हणायची, "माणसाला आधी पाणी तरी विचारावं." मला कुठली फुरसत.

हौसाबाई आमच्याकडे तांदूळ घालायची. एकटी विधवा बाई. भात विकत घ्यायचं, सडायचं आणि तांदूळ घरोघर विकायचा, यावर तिचं पोट. त्या वर्षी होतं नव्हतं ते घालून तिने दोन खंडी भात भरून ठेवलं होतं.

"अण्णा," ती पायरीखाली उभी राहून म्हणाली, "व्यापारी रोज दारात येतो, आत्ताच दे म्हणतो. देऊ का थांबू? तुमचा कागद काय म्हणतो?"

मी छडी घेऊन उठलो. "हे बघ, उतरतंय. भाव पडणार. आजच विकून मोकळी हो."

"पण बाजारात तर रुपयाला शेर कमी मिळाया लागलेत."

"अगं, तेच तर सांगतोय. कमी होतंय."

हे मी बोललो. आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

तिने दुसऱ्या दिवशी सगळं भात विकलं. महिनाभर धान्याने भरलेले आगगाडीचे डबे घाट चढून देशावर जात राहिले. एका सकाळी उत्तरा म्हणाली, "रुपयाचा तांदूळ आणखी एक शेर उतरला. आता खायचं काय?" मी सवयीने ठिपका द्यायला गेलो आणि हात तिथेच थांबला. उतरत होते ते शेर. भाव चढत होता. पावसाची रेघ वाचावी तशी मी भावाची रेघ वाचली होती, आणि ताळ्यावर आणणारे आकडे स्वतःच्या हाताने खरवडून टाकले होते. कागद मी चुलीत घातला. कुणाला काही सांगितलं नाही, याची लाज वेगळीच.

भाताचे आलेले पैसे घेऊन हौसाबाई बाजारात गेली, तर त्यात निम्मंही भात येईना. तिचा धंदा बसला. उत्तराने तिला आमच्याच घरी सडायला बोलावलं. परसात मुसळाचा आवाज सुरू झाला की मी पुढच्या दाराने कचेरीत पळायचो, तासभर आधी. असे चार दिवस काढले. पाचव्या दिवशी मात्र मागे गेलो.

"हौसाबाई, कागद बरोबर होता. मीच उलटा वाचला. चूक माझी."

तिने मुसळ भिंतीला टेकवलं. "ठावं हाय मला, अण्णा. शेर कमी म्हंजे महाग, हे पोरासोरांना बी कळतं. त्या दिवशीच कळत होतं."

"मग विकलंस कशाला?"

"तुम्ही एवढं शिकलेले. म्हटलं, आपल्यालाच कळत नसेल."

सुपात तांदूळ घेऊन ती पाखडू लागली.

"आता कुणी भाव विचारला," ती मान वर न करता म्हणाली, "तर ठावं असलं तरी मी सांगतच नाही. दुसऱ्या कुणाला तरी विचारा म्हणते."