मंगळवारची नळी

नळीला एक झटका बसला. बोटीत बसलेल्या ओर्फेलिनाने उलट एक झटका दिला, म्हणजे वरही सगळं ठीक. मग तिने खांद्याने कानटोपी वर सरकवली आणि वाजणारा फोन कानाशी दाबला. नळी सोडायची नाही, हा इथला पहिला नियम. माणूस खाली असेपर्यंत डाव्या तळहातावर नळी असायलाच हवी, मग उजव्या हाताने भाजी चिरा नाहीतर केस विंचरा.

"झोपला होतास की कामावर?" तिने विचारलं.

"आताच पाळी संपली," येर्को म्हणाला. "बाबा खाली आहेत ना?"

खालीच होते. मंगळवारी दहाच्या पुढे आमादोर पाण्याखाली असतो, हे आईलाही ठाऊक आणि लेकालाही. चार वर्षं हे असंच चाललं होतं. बाप बोटीत असताना फोन यायचा नाही, घरी असताना तर नाहीच. तो तोंडात हवेची नळी धरून समुद्राच्या तळाशी शिंपल्या वेचत असेल, तेवढा पाऊण तास मायलेकांची चंगळ. उत्तरेच्या वाळवंटात, तांब्याच्या खाणीत बसून येर्को विचारायचा, पाऊस आहे का? ती म्हणायची, हे काय विचारणं झालं, इथे कधी नसतो? दोघंही हसायची. दर मंगळवारी तोच विनोद, आणि दर मंगळवारी तिला हसू यायचं.

"जरा मशीनजवळ धर," तो म्हणाला.

हेही नेहमीचंच. ती फळीवरून पुढे सरकली आणि कॉम्प्रेसरपाशी फोन धरला. पेट्रोलचं छोटं इंजिन, त्यावरून कॉम्प्रेसरला जाणारा पट्टा, बाजूला हवेची टाकी आणि टाकीतून निघून पाण्यात उतरलेली पिवळी नळी. त्या खडखडाटात लोकांना नुसती कटकट ऐकू येते. येर्को मात्र देवळात उभं राहावं तसा गप्प राहून ऐकायचा.

"पट्टा ढिला झालाय," तो म्हणाला.

"तुझ्या बापाला सांगू का?"

तो हसला नाही. म्हणाला की कंपनी कायमचे कागद करून देते आहे. तीन वर्षांचा करार आणि वर राहायला घर. शुक्रवारी सही करायची. एकदा सही केली की शिंपल्यांच्या मोसमाला घरी यायचं वगैरे विसरायचं.

"नको करू," तिच्या तोंडून गेलं.

"कशाला येऊ मी, आई? बाबांचा पाय बघायला?"

तिने नळीचा आणखी एक वेढा तळहाताला घेतला. 

किनाऱ्यावर आजही कुणाला विचारा, आमादोरचा पाय कशाने गेला, तर उत्तर एकच मिळतं: पोराच्या डबीने. येर्को गावातल्या मशीनच्या शाळेत शिकला होता. कॉम्प्रेसरचं डोकं फार तापलं की आतलं तेल जळतं आणि तो धूर हवेबरोबर सरळ खालच्या माणसाच्या छातीत जातो, हे तो तिथे शिकून आला आणि भंगाराच्या डब्याडुब्यांतून शोधून त्याने एक डबी आणली. काड्यापेटीएवढी. डोकं तापलं की तिने इंजिनाची ठिणगी तोडायची आणि इंजिन बंद पाडायचं. टाकीत चार मिनिटांची हवा उरतेच, तेवढ्यात माणसाने सावकाश वर यायचं. कागदावर सोपं आहे. पण पाणबुड्याला इंजिनाचा आवाज थांबला की आपला जीव थांबला असंच वाटतं. म्हणून या किनाऱ्यावरच्या एकूण एक बोटीवर मशीनबरोबर आलेल्या असल्या डब्यांच्या तारा उपटून बांधून ठेवलेल्या असतात. येर्कोने बापाला सहा महिने विनवलं, तेव्हा कुठे एका बोटीवर ती तार जोडली गेली.

आणि महिन्याभरात डबीने इंजिन बंद पाडलं. येर्को वरून नळीला झटके देत राहिला, सावकाश, सावकाश. पण आमादोर घाबरला आणि पंधरा वाव, म्हणजे नव्वदेक फूट खोलीवरून बाटलीच्या बुचासारखा वर आला. रक्तात हवा भरली. शहराच्या इस्पितळात नऊ दिवस रोज हवेच्या दाबाच्या खोलीत ठेवलं, जीव वाचला, डावा पाय मात्र कायमचा ओढत राहिला. पलंगावरून तो पोराला एकच वाक्य बोलला: "तुझी अक्कल मला भोवली." सगळ्या वॉर्डाने ऐकलं. येर्को घरी आला, डबी काढली, पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात बुडवून बघितली. दरवेळी हव्या त्या वेळी ती टक् करून जोड तोडायची. तीन दिवस तो चुलीपाशी बसून ती डबी उकळत होता आणि चूक शोधत होता. शेजारी ओर्फेलिना पीठ मळत उभी होती. चौथ्या दिवशी त्याने पिशवी भरली.

चूक कुठे होती ते तिला माहीत होतं. पीठ मळताना माहीत होतं, आत्ताही माहीत होतं.

"येर्को," ती म्हणाली, "मी काय सांगते ते ऐक आणि मधे बोलू नकोस. नाहीतर माझ्याने परत सांगवणार नाही."

इथले लोक कॉम्प्रेसरमध्ये यंत्राचं तेल घालत नाहीत, स्वयंपाकाचं घालतात. यंत्राच्या तेलाने हवेला घाण वास येतो, खाली माणसाला मळमळतं. त्यासाठी दुकानातून नवी बाटली आणायची आणि बोटीवर द्यायची, हे बायकांचं काम. अपघाताआधीच्या सोमवारी बाटली संपली होती. दुकान टेकडीपलीकडे, वर धो धो पाऊस. आदल्या दिवशी तळलेल्या सोपाइपियांचं, जाड पुऱ्यांचं, तेल कढईत तसंच होतं. तिने ते पिठाच्या चाळणीने गाळलं, रिकाम्या बाटलीत भरलं आणि सकाळी पोराच्या हातात दिलं. त्याने नवं समजून मशीनमध्ये ओतलं. तळलेल्या पिठाचा गाळ आत चिकटला, डोकं तापलं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. बापलेक इस्पितळात असताना तिने मशीन उघडलं, आतली काळी राळ चिंध्यांनी पुसून काढली आणि चिंध्या चुलीत घातल्या.

"तुझ्या डबीने चूक केली नव्हती," ती म्हणाली. "ती नसती तर तुझा बाप तो धूर घेऊन खालीच राहिला असता. हे मला चार वर्षं ठाऊक आहे."

 इंजिन खडखडत होतं. तिने फोन कानावर इतका दाबला की कान दुखायला लागला.

"कशाने गाळलंस?" अखेर त्याने विचारलं.

"चाळणीने."

"चाळणीने," तो म्हणाला. मग, "नंतर करतो." आणि फोन बंद झाला.

ती फळीवर बसली आणि रडली. चांगलं हुंदके देऊन रडली, बघायला समुद्रपक्ष्यांशिवाय कुणी नव्हतं. गेला, आता हा मुलगा खरंच गेला, असं तिच्या मनात येत राहिलं. इतकी वर्षं निदान मंगळवार तरी होता. खरं बोलून तिने तोही घालवला होता. नळी तेवढी तिने सोडली नाही.

तेवढ्यात नळीला तीन झटके बसले. म्हणजे वर घे.

तिने डोळे पुसले आणि नळी गोळा करायला घेतली. वाटेत चार वावांवर आमादोर दोरीला धरून थांबायचा, रक्तातली हवा निघून जावी म्हणून; आता इथले सगळेच थांबतात. मंगळवारी तर तो तिथे फारच वेळ लटकायचा. थंडीत पाय आखडतो म्हणून असेल, असं ती समजून चालली होती. आज तो जेमतेम हवं तेवढंच थांबला आणि वर आला. त्याने शिंपल्यांची जाळी आत टाकली. जाळी अर्धीच होती. तिने त्याला काखेत हात घालून ओढलं, तो फळीवर बसला, मुखवटा काढला आणि इंजिन बंद केलं.

"काय म्हणत होता पोरगा?" आमादोरने विचारलं.

तिने न ऐकल्यासारखं केलं आणि जाळीची गाठ सोडायला घेतली.

"म्हातारे, मी खाली असलो तरी बहिरा नाही. मंगळवारी नळी हसते. तुझा हात हलतो तो माझ्या दातांपर्यंत येतो. चार वर्षं मी तिथे दोरीला बोंबलासारखा लटकून राहतो, तुमचं बोलणं पुरं व्हावं म्हणून. आज काय झालं? आज नळी हसत नव्हती."

ओर्फेलिनाने गाठ सोडून दिली. एकदा सांगून झालं होतं, म्हणून असेल, दुसऱ्यांदा तिला तितकं जड गेलं नाही. पाऊस, कढई, चाळणी, चिंध्या, सगळं तिने पाण्याकडे बघत सांगितलं. शुक्रवारची सहीही सांगितली. बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता हा ओरडेल, आणि ओरडला तर बरंच होईल.

तो ओला हात मांडीवर पुसत बसला होता.

"त्या दिवशी हवेला वास येत होता," तो म्हणाला. "करपलेल्या सोपाइपियांचा. इंजिन थांबायच्या आधी, दोन-तीन मिनिटं. मी खाली मनात म्हटलंसुद्धा, आज हिने कसलं तेल दिलंय."

तिला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि लाज आणि राग दोन्ही एकदमच आले.

"ठाऊक होतं तुला? मग पोराला का बोललास, म्हाताऱ्या?"

"तू दारात उभी होतीस," तो म्हणाला. "तुझं तोंड पांढरंफटक. माझा पाय गेला होता, मला कुणाला तरी बोलायचंच होतं. तुला बोललो असतो तर तू त्या तोंडाने परत माझ्या घरात राहिली नसतीस. तो तरुण, म्हटलं, रागावेल आणि चार दिवसांत येईल."

"चार वर्षं झाली."

"झाली खरी. मग आधी तो बोलेल म्हणून मी थांबलो. नंतर थांबायचीच सवय लागली."

लाटेने बोट जराशी वळली. चार वर्षं एकाच पलंगावर, एकाच चुलीशी, दोघंही एकच गोष्ट पोटात घेऊन वावरत होती, आणि किंमत तिसराच मोजत होता. तिला त्याला ढकलून पाण्यात टाकावंसं वाटलं. तिने त्याला कोरडी गोधडी दिली.

त्याने ती पांघरली नाही. पाय ओढत तो कॉम्प्रेसरपाशी गेला. टाकीमागे चिंधीने बांधून ठेवलेल्या तारेचं टोक त्याने मोकळं केलं. डबी होती तिथेच होती, गंज चढलेली, येर्को ती परत बसवून गेला होता, फक्त तार जोडून गेला नव्हता. गार पडलेल्या बोटांनी आमादोरला तो स्क्रू धरवेना. ओर्फेलिनाने तार धरली आणि त्याने नखाने स्क्रू पिळला. मग त्याने इंजिनाची दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला ते सुरू झालं.

"लाव त्याला," तो म्हणाला.

"उचलणार नाही."

"लाव तर खरं."

तिने लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग उचलल्याचा आवाज आला. आमादोरने तिच्या हातातून फोन घेतला.  त्याने फोन खाली करून कॉम्प्रेसरजवळ धरला. इंजिन खडखडत राहिलं. मिनिट गेलं असेल, दोनही गेली असतील. मग त्याने फोन कानाला लावला.

"तार जोडलीय," पलीकडून येर्को म्हणाला. त्याचा आवाज ओर्फेलिनालाही ऐकू येत होता. "डबीची. नवा सूर येतोय त्यात."

असला काही सूर नसतो, त्याने अंदाजच केला होता, हे तिघांनाही ठाऊक असणार.

"आत्ताच जोडली," आमादोर म्हणाला. "मला कुठे धड जोडता येते."

"पट्टा पण ढिला आहे."

आमादोरने पट्ट्याकडे बघितलं. 

"मग ये आणि ताण," तो म्हणाला. "शुक्रवारच्या आत."

पलीकडे फोन अजून चालू होता. खाली पाण्यात कुणीही नव्हतं, तरी ओर्फेलिनाने नळी उचलून डाव्या तळहातावर घेतली.