दोन वर्गांच्या मधलं दार

दुपारी शिलाई मशीन थांबलं की शिंप्याला दोन वर्ग ऐकू यायचे.

एका बाजूनं तेराचा पाढा. दुसऱ्या बाजूनं धडा वाचणारी पोरं, एकसुरात, शेवटचा शब्द लांबवत. दोन्ही आवाज सारखेच मोठे. मग धड्याची बाजू एकदम गप्प व्हायची आणि पाढा मात्र चालूच. तेरा साते एक्क्याण्णव, तेरा आठे एकशे चार. अंगावर काटा यायचा तो त्या गप्प बाजूनं नाही, ह्या चालू राहिलेल्या पाढ्यानं.

घराच्या आसपास शाळा नव्हती. एका बाजूला लाकडाची वखार, दुसऱ्या बाजूला रिकामी जागा. शिंपी घाईघाईनं पायडल मारायचा, नुसतंच, सुईखाली कापड नसताना. गिऱ्हाइकं म्हणायची, बायको गेल्यापासून माणसानं कामात डोकं खुपसलंय.

बायको शिक्षिका होती. सगळी गल्ली तिला बाई म्हणायची, आणि ऐकून ऐकून नवराही बाईच म्हणायला लागला. "बाई, चहा टाकता का?" तो विचारायचा. "आधी गृहपाठ," ती म्हणायची, आणि चहा टाकायची.

तिच्या शाळेत कुणी रजेवर गेलं की जोडवर्ग करायचे. म्हणजे दोन वर्गांच्या मधलं दार उघडायचं आणि एकाच शिक्षकानं उंबऱ्यावर उभं राहून दोन्हीकडे लक्ष ठेवायचं. एक डोळा इकडे, एक तिकडे. अशाच एका दिवशी शेजारच्या वर्गातली एक मुलगी खिडकीत चढली आणि खाली पडली. पाय मोडला. पुढे बरा झाला, पण तेव्हा तिच्या आईबापांनी तक्रार केली, आणि हेडसरांनी जबाब दिला की बाई उंबऱ्यावर नव्हत्या, व्हरांड्यात होत्या.

बाई म्हणाली, मी उंबऱ्यावरच होते.

तिला घरी बसवलं. रोज सकाळी ती उठून इस्त्रीचे कपडे घालायची, पर्स घ्यायची आणि दाराजवळच्या खुर्चीत बसायची. शाळा भरायची वेळ टळली की कपडे बदलून कणीक मळायला घ्यायची. शिंपी तेवढा वेळ सुईत दोरा ओवत राहायचा. निकाल लागायच्या आत ताप डोक्यात गेला आणि ती गेली. तेव्हाच्या कायद्यात माणूस गेला की चौकशी जिथं असेल तिथं थांबायची. शिक्षक मंडळाच्या यादीत, जी आता कुणीही फोनवर उघडून बघावी, तिच्या नावासमोर दोन शब्द राहिले. चौकशी अपूर्ण.

लेक शिक्षिकेचं शिकून नुकतीच बाहेर पडली होती. एक दिवस ती आली ती चपला न काढताच बोलायला लागली.

"बाबा, कायदा बदललाय. वाचलास का?"

"मी मापं वाचतो."

"आता माणूस गेला तरी चौकशी पुरी करता येते. घरच्यांनी अर्ज करायचा. मुदत ह्या महिन्याची आहे."

"कशाला उकरतेस?"

"उकरायला ते पुरलंय कुठं? मी मंडळात माझी नोंदणी करायला गेले तर खिडकीतल्या माणसानं आडनाव बघून आईचं पान उघडलं. ह्या तुमच्या कोण, म्हणाला. काय सांगायचं होतं मी? शेजारीण?"

शिंप्यानं टेप गळ्यातून काढून मशीनवर ठेवली. "आणि दोषी ठरली तर?"

"तर दोषी. काहीतरी ठरू दे ना. अर्धवट टांगून ठेवलंय तिला." मग जरा आवाज उतरवून म्हणाली, "आणि पूर्वीसारखं नाही आता. पूर्वी दोनच गोष्टी होत्या, नाव यादीत ठेवा नाहीतर कापा. आता मधे पायऱ्या आहेत. ताकीद, प्रशिक्षण, काही महिने बंदी. जेवढी चूक तेवढंच."

"हे आधी का नाही केलं त्यांनी?"

"मला काय विचारतोस? मी केलाय का कायदा?"

त्यानं टेप पुन्हा गळ्यात घातली. एक गोष्ट होती जी लेकीला माहीत नव्हती, मंडळाला नव्हती, हेडसरांना नव्हती. त्या दिवशी, त्या वेळी, त्यानं बाईला फोन केला होता. आणि तिनं तो घेतला होता.

वर्गात फोनला सक्त बंदी. तेव्हाच्या कायद्यात तेवढ्यावर नाव कापलं जायचं. त्या संध्याकाळी बाई पलंगावर बसून म्हणाली होती, "मी सांगून टाकते. म्हणजे मी उंबऱ्यावर होते हे तरी त्यांना पटेल. तू ऐकलंस ना सगळं."

"फोनचा फ सुद्धा काढू नकोस," तो म्हणाला होता. "मिठाची गुळणी धर. पुरावा कुणाकडे आहे?"

आयुष्यात तिनं त्याचं फारसं काही ऐकलं नाही. हे ऐकलं.

लेकीनं अर्ज केला. शिंपी करू नकोस असंही म्हणाला नाही आणि कर असंही नाही. दुपारचे आवाज मात्र वाढले. आता मशीन चालू असतानाही पाढा ऐकू यायचा. एकदा एका गिऱ्हाइकाची बाही त्यानं उलटी जोडली.

मंडळाची खोली साधीच होती. लांब टेबल, झाकण ठेवलेले पाण्याचे ग्लास, डुगडुगणारा पंखा. टेबलापलीकडे तिघं. मधे अध्यक्ष, शेजारी एक वकील, आणि तिसरी एक शिक्षिका. नवीन कायद्यानं चौकशीत एक तरी रोज वर्गावर उभं राहणारा माणूस हवाच होता. तिच्या बाहीला खडूची पावडर लागलेली होती. बहुतेक सकाळची शाळा करूनच आली होती.

पडलेली मुलगी आली नव्हती. तिनं एवढंच कळवलं होतं की मला खिडकी आठवते, बाई आठवत नाहीत.

हेडसर आले होते. थकले होते आता. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. "मी जिना चढून आलो तेव्हा त्या व्हरांड्यात धावत होत्या," त्यांनी सांगितलं. "मी डोळ्यांनी पाहिलं."

"मुलगी पडायच्या आधी की नंतर?" वकिलानं विचारलं.

"ते मी कसं सांगू? पण बाहेर होत्या."

"त्या आत होत्या असं सांगणारं कुणी आहे?"

अध्यक्षांनी पेन उचललं. लेक टेबलाकडे बघत होती आणि तिचा अंगठा बोटांवरून फिरत होता, बाईचा फिरायचा तसाच.

शिंपी उठला. "मी ऐकलं होतं," तो म्हणाला.

"तुम्ही शाळेत होतात?"

"फोनवर होतो. मी तिला फोन केला होता. तिनं घेतला."

लेकीनं नुसती मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"वर्गात?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो. आणि हे तिला सांगायचं होतं. मी सांगू दिलं नाही."

खडू लागलेली शिक्षिका पुढे झुकली. "काय ऐकू येत होतं तुम्हाला? आठवतंय?"

आठवतंय का, म्हणे. शिंप्याला हसू आलं असतं. "एकीकडे तेराचा पाढा होता. दुसरीकडे धडा वाचत होते. मग काहीतरी आपटल्यासारखं झालं, आणि धडा वाचणारे एकदम गप्प झाले. ती थांब म्हणाली. आणि पाढा चालूच होता. त्या पोरांना काही कळलंच नव्हतं. मग तिच्या पळण्याचा आवाज, आणि फोन बंद."

"दोन्ही आवाज सारखेच? की एक लांबून?"

"सारखेच. अगदी सारखेच."

शिक्षिका खुर्चीत मागे टेकली. "व्हरांड्यातून पाढा असा ऐकू येणार नाही," ती बाकीच्या दोघांना म्हणाली. "भिंत मधे येते. दोन्ही वर्ग सारखे ऐकू येतात ते एकाच जागी. मी पण उभी राहिलेय तशी. डोकं भणाणून जातं." जरा थांबली. "आणि त्या जागी उभं राहून फोन कानाला लावला की एक वर्ग डोळ्यांआड होतो. कुठला तरी एक."

हेडसरांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. "मग माझं चुकलं," ते म्हणाले, कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

तिघं शेजारच्या खोलीत गेले आणि लवकरच परत आले. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "वर्ग सोडून गेल्याचा आरोप सिद्ध होत नाही. वर्गात फोन घेऊन दुर्लक्ष केल्याचा होतो. त्याबद्दल ताकीद. नाव यादीत राहील." मग ते जरा अवघडले. "नियमाप्रमाणे ताकीद शिक्षकाला उभं करून वाचून दाखवायची असते. शिक्षक हयात नसेल तर नातेवाइकाला. तुम्हा दोघांपैकी..."

"मी," शिंपी म्हणाला. तो आधीच उभा होता, तरी पुन्हा सरळ झाला. हात कुठं ठेवावेत ते कळेना.

अध्यक्षांनी वाचलं. आपण मुलांच्या सुरक्षिततेकडे दुर्लक्ष केलंत. आपल्याकडून असं पुन्हा होऊ नये. आपण, आपण, आपण. शिंपी प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. मधेच त्याच्या लक्षात आलं की लेकही उभी राहिली आहे. त्याच्या शेजारी नाही, खुर्चीमागे. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "समजलं?"

"समजलं," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण बोलण्याची ढब बाईची आली. लेकीनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

बाहेर ऊन होतं. पायऱ्या उतरता उतरता लेक मधेच थांबली.

"एवढी वर्षं मी हेडसरांना शिव्या देत होते," ती म्हणाली.

"हो."

"फोन कशाला केला होतास?"

तो खालच्या पायरीवर होता. वर बघून बोलावं लागलं. "दूध उतू गेलं होतं. पातेलं करपलं. कशानं घासायचं ते विचारायला."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

"काय म्हणाली ती?"

"सांगत होती. आधी पाणी घालून भिजत ठेव, म्हणाली. मग काय करायचं ते सांगणार, तेवढ्यात..."

लेक पायरीवरच बसली. पर्स मांडीवर घेतली. येणारे जाणारे तिला वळसा घालून जात होते.

"संध्याकाळी नाही विचारलंस?"

"संध्याकाळी तिनं ते पातेलं बघू नये असं वाटलं. मी लपवलं."

"कुठं?"

"पलंगाखाली, पार मागे. भिंतीला लागून."

त्याच पलंगावर बाई तापानं फणफणत पडली होती. लेकीनं तिथंच बसून तिच्या कपाळावरच्या ओल्या घड्या बदलल्या होत्या.

"आता कुठंय ते?"

"तिथंच," शिंपी म्हणाला. "भिजवल्यावर पुढे काय करायचं ते कळलंच नाही."