मावशीची ओटी

कळंबच्या शाळेत आम्ही कॉलेजच्या पोरी गेलो ते मुलींना बायोमेडिकल इंजिनीअरिंगची ओढ लावायला. पोस्टर दाखवलं की मुली जांभया देतात, हे मला पक्कं ठाऊक. लोधिवलीच्या शाळेत मीही तेच करायचे. म्हणून कॉलेजातलं ऑक्सिजनचं मशीनच टेंपोत घालून नेलं.

"हे मागच्या जाळीतून हवा आत घेतं आणि त्यातला ऑक्सिजन नळीतून पेशंटला देतं," मी म्हटलं. "आता गंमत बघा." जाळीवर माझी ओढणी घट्ट गुंडाळली. मशीन घरघरतच राहिलं, पण मीटरवरचा आकडा घसरत गेला आणि लाल दिवा लागला. मुलींनी टाळ्या पिटल्या, मी फुशारून गेले.

मधल्या सुट्टीत सगळ्या पळाल्या. दहावीतली आरोही तेवढी मशीनपाशी उभी.

"ताई, आमच्या घरी असलंच व्हतं. भाड्याचं. आईसाठी. मी त्याला मावशी म्हणायची."

"मग तर तूच शिकव की मला!" मी चेष्टा केली.

"बटण तेवढं यायचं. दसऱ्याला बाबांनी बाईक पूजली, मी मावशीला. आईला श्वास देते ना ती. तिची ओटी भरली. नवा खण पाठीवरनं घट्ट बांधला, पडू नाय म्हणून. मंग दिवा लागला, लाल. मला वाटलं, मावशीनं कुंकू लावलं. आई पण हसली." तिनं मशीनच्या जाळीवरून बोट फिरवलं. "सांजच्याला आई गेली."

एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. तेव्हा कसंबसं म्हटलं, "नाही गं, तुझ्या आईचा आजारच मोठा होता. खणातून हवा जातेच की."

खोटं बोलले, आणि तेही धड जमलं नाही. आरोहीनं बाजूला पडलेली माझी ओढणी उचलली, चालू मशीनच्या जाळीवर गुंडाळली आणि आकडा उतरताना बघत राहिली. लाल दिवा लागला तशी मी ओढणी हिसकावून घेतली.

"बाबांना नका सांगू, ताई," ती म्हणाली. मग बाहीनं डोळे पुसले. "ह्याचं शिकायचं तर अकरावीला काय घ्यावं लागतं?"

हा एक प्रश्न कुणीतरी विचारावा, म्हणून तर एवढं धूड उचलून आणलं होतं.

"सायन्स," मी म्हटलं, आणि पुढचं सांगायच्या आत मला रडूच फुटलं.

"आणि?" आरोहीनं विचारलं.