पाठीमागचा पट्टा

नदीवरच्या कयाक क्लबात एक शब्द होता, आणि तो म्हटल्याशिवाय एकही होडी पाण्याला लागत नसे. 'बघितलं.'

नियम दादाचा. लाइफ जॅकेटचा पाठीमागचा पट्टा आपला आपल्याला दिसत नाही, हातही धड पोचत नाही. म्हणून तो जोडीदाराने लावायचा, ओढून बघायचा, मग खांदे धरून जॅकेट वर उचलायचं. कानापर्यंत आलं तर सैल आहे. जागचं हललं नाही, तर पाठीवर थाप मारून म्हणायचं, बघितलं. "आपलं आपल्याला सगळं बरोबरच वाटतं," दादा नव्या लोकांना सांगायचा. क्लबाचा सुरक्षाप्रमुख होता तो. त्याची धाकटी बहीण आठवडाभर शहरात बस चालवायची आणि रविवारी सगळ्यांच्या आधी धक्क्यावर हजर. दादा तिला 'बुटके' म्हणायचा. यंदा नवशिक्यांची बॅच तिच्याकडे येणार होती. किती वर्षं वाट बघितली होती पोरीने, काय सांगू!

त्या रविवारी दादा कुणाशीतरी हसत-खिदळत उभा होता. तिने सवयीने त्याच्याकडे पाठ केली. थाप पडली, शब्द आला, ओढ तेवढी बसली नाही. तिच्या लक्षात आलं होतं बरं का! पण दादाच्या हातावर कुठे शंका घ्यायची? सायकल शिकली ती त्याच हाताच्या भरवशावर.

वळणावर झाड आडवं पडलेलं होतं. होडी त्याला घासली आणि उलटली. बर्फ वितळून आलेलं पाणी ते, अंगाला लागताच श्वास पळाला. जॅकेट तरंगलं आणि ही खालीच राहिली. त्याचा गळा कानांवर चढला, हात वर अडकले, नाकातोंडात पाणी. मागून क्लबातलाच एक पोस्टमन होडी घेऊन येत होता म्हणून बरं. त्याने तिला आपल्या होडीच्या टोकाला धरायला लावलं आणि काठापर्यंत ओढत आणलं. तिला ब्लँकेटात गुंडाळताना दादा ढसाढसा रडत होता. ते रडणं खरं होतं, उगाच खोटं का सांगा?

दोन दिवसांनी क्लबाच्या खोलीत बैठक बसली. भिंतीला वल्ही टेकलेली, ओल्या दोरांचा वास. अध्यक्षबाईंनी विचारलं, "पट्टा कोणी बघितला होता?"

"मीच," दादा म्हणाला. "चांगला आवळून दिला होता. हिनेच नंतर सोडवून घेतला असणार. घट्ट झालं की हिचा जीव घाबरा होतो. लहानपणी कपाटात अडकली होती, तेव्हापासूनचं आहे ते."

कपाटाची गोष्ट जगात एकट्या दादाला माहीत होती. त्यानेच तिला बाहेर काढलं होतं, कुशीत घेतलं होतं आणि कुणालाही सांगणार नाही म्हणाला होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

"मी पट्ट्याला हातही लावला नाही," ती म्हणाली, पण आवाज कापला. मग काय, सगळे तिच्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसे मायेने बघायला लागले. बॅच पोस्टमनला गेली.

बाहेर सायकलींपाशी तिने दादाला गाठलं. "तू बघितलं नव्हतंस."

"हळू बोल गं. माझं पद गेलं असतं. तुझं काय, बॅच पुढच्या वर्षी मिळेल."

"दादा, मी बुडत होते!"

"वाचलीस ना पण?"

तिला राग आला, आणि रागाहून जास्त लाज वाटली. या माणसासाठी आपण उभ्या जगाशी भांडलो असतो, याची लाज.

पुढच्या रविवारी ती येणार नाही असं सगळे धरून चालले होते. ती आली. दादाने नेहमीसारखी पाठ केली. "बघ गं, बुटके." तिने पट्टा लावला, असा ओढला की तो मागे झोकांडला. खांदे उचलून बघितले. थाप मारली.

"बघितलं," ती म्हणाली.

"वळ आता," दादा म्हणाला, आणि तिच्या पट्ट्यासाठी हात पुढे केला.

ती त्या हाताला वळसा घालून निघून गेली. धक्क्याच्या टोकाला बेकरीवाली उभी होती, आजच पहिल्यांदा आलेली, जॅकेट उलटं धरून. हिने ते सुलटं करून तिच्या अंगात घातलं, पट्टा लावून दिला, ओढून बघितला आणि मग तिच्याकडे पाठ केली.

"माझा लाव."

"अहो ताई, मला यातलं काही येत नाही. तुमचे भाऊ आहेत ना तिथे?"

"तूच लाव."

बेकरीवालीने दोनदा चुकून तिसऱ्यांदा पट्टा लावला. दात-ओठ खाऊन ओढला. खांदे धरून उचलून बघितले, पुन्हा एकदा बघितले. दादाचा हात अजून तसाच अर्धवट पुढे होता, आणि आता सगळा धक्का त्याच्याकडे बघत होता.

"आता काय म्हणायचं असतं?" बेकरीवालीने विचारलं. "बघितलं, असंच ना?"

"हो," ती म्हणाली. "पण बघितलं असशील तरच."