कानपिळीचा आहेर

कानपिळी नवरदेवाची करतात. माझ्या लग्नात खरं तर माझाच कान पिळायला हवा होता, चांगला लालबुंद होईपर्यंत.

आमच्याकडे नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून, आणि नवरदेव त्याला आहेर देतो. मला भाऊ नाही. मोठी बहीण आहे, आरोही. लहानपणी ती योगेश होती, मी दादा म्हणायचे. काही वर्षांपूर्वी तिनं सगळ्यांना समोर बसवून सांगितलं की ती मुलगी आहे, पहिल्यापासून होती. आमच्या वडिलांनी, अण्णांनी, भरलं ताट सरकवलं. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून तिला ताई म्हणायला लागले, आणि त्याचा मला केवढा तोरा! कॉलेजात भाषणं ठोकायचे मी, हक्क काय नि समानता काय. बोलायला काय जातंय!

मग रोहितचं स्थळ आलं. माणसं नांदगावकडची, मुलगा ओझरला नोकरीला. बघायच्या कार्यक्रमात अण्णांनी खुशाल ठोकून दिलं, "थोरला मुलगा बंगळूरला असतो." बंगळूर कसलं! ताई अंबडच्या कंपनीत होती, सिडकोतल्या आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. मी चहाचा ट्रे धरून उभी होते. तोंड उघडलं नाही. पुढे रोहितशी रोज फोनवर बोलायचे, तेव्हाही नाही. लग्न मोडलं तर, एवढंच डोक्यात.

तारीख जवळ आली तसे अण्णा घाबरले. सख्खा भाऊ लग्नाला नाही म्हटल्यावर लोक विचारणारच. "तूच सांग तिला, तुझं ऐकेल," म्हणाले. आणि मी फोन लावला.

"ताई, एक तासभर ये. शर्ट-पँट घालून, दादा म्हणून. कानपिळी झाली की जा."

ती काही म्हणायच्या आत मी पुढचं रेटलं.

"आणि केस..."

"केसांचं काय?"

"कापून ये ना गं. वाढतात परत."

असं बोलले मी. याच जिभेनं. कमरेपर्यंत केस होते तिचे, माझ्यापेक्षा दाट. ती एवढंच म्हणाली, "तुझं लग्न मोडायला नको. येते."

ती लॉन्सवर आली तेव्हा मी मुंडावळ्या बांधून पाटावर बसले होते. राखाडी शर्ट, डोक्याला फेटा, आणि फेट्याखाली मानेवर नुसते खुंट. कानांची भोकं तिनं कसल्याशा क्रीमनं बुजवली होती. ते बघितलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या मागे करवली म्हणून दिवा घेऊन चुलतबहीण सविता उभी होती. ती जागा कुणाची, ते मला चांगलं माहीत होतं.

गुरुजींनी हाक दिली, "मुलीचे बंधू, या पुढे."

ताईनं रोहितचा कान धरला, अगदी हलका. "माझ्या तेजलला सांभाळा," आवाज जाड करून म्हणाली. रोहित हसला नाही. त्यानं आईकडे बघितलं. माझ्या सासूबाईंनी, सुलाबाईंनी, पिशवीतून आहेर काढून ताटात ठेवला. मला वाटलं, शर्टपीस असेल. जांभळी पैठणी होती, येवल्याची, आणि वर हिरव्या बांगड्या.

"अगं बया! हे काय करून घेतलंस पोरी?" सासूबाई म्हणाल्या. "केस कुठं गेले तुझे?"

"काहीतरी गैरसमज होतोय," अण्णा पुटपुटले.

"कसला गैरसमज, व्याहीबुवा? सून करायची म्हणल्यावर चौकशी नाय करणार का आम्ही? अंबडला कुणीबी सांगतं आरोही मॅडम कोण ते. आम्हाला काय अडचण नव्हती. तुम्ही आज सांगताल, उद्या सांगताल, लय वाट बघितली. म्हटलं, कानपिळीला बहीणच येईल, मग साडीच घ्यावी."

"मी तुला दोनदा विचारलं होतं, तेजल," रोहित हळू म्हणाला, "घरात आणखी कोण कोण आहे म्हणून."

तो चिडला असता तर परवडलं असतं. लाजेनं माझी मान वर होईना. ज्या माणसांना मी मनातल्या मनात गावंढळ ठरवलं, ती साडी घेऊन आली होती. आणि भाषणं ठोकणारी मी, मी तिचे केस उतरवले होते.

मी उठले. सविताच्या हातातला दिवा घेतला आणि ताईपुढे धरला. "माझी करवली तू आहेस ताई. चुकलं माझं. तू मागे उभी राहा," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. रडू आवरेना.

तिनं साडी छातीशी धरली. सासूबाईंच्या पाया पडली. मग फेटा काढून अण्णांच्या हातात दिला. त्या उघड्या डोक्याकडे अण्णांना बघवेना. त्यांनी तोंड फिरवलं.

"तेजू, तू तासाभरासाठी दादाला बोलावलं होतंस," ती म्हणाली. "तो येऊन गेला. ताईला बोलावशील तेव्हा ताई येईल. केस वाढल्यावर."

आणि ती साडी घेऊन गेटकडे चालू लागली. रोहित तिच्यामागे दोन पावलं गेला, तिनं हातानंच नको म्हटलं.

गुरुजी सप्तपदीची घाई करत होते. सवितानं दिव्यासाठी हात पुढे केला. मी दिला नाही, पाटाशेजारी ठेवून दिला. सप्तपदी चालले, तेव्हा माझ्या मागे कुणीच नव्हतं.