मुंबईत असल्याचा पुरावा

छप्पन सालच्या त्या दिवसांत माझी बायको यशोदा सरकारी कागदांत गोव्यात होती आणि प्रत्यक्षात गिरगावात, माझ्या डोळ्यांदेखत, मोरीत कपडे आपटत होती.

गोवा तेव्हा परमुलूख. आमची कुलदेवी म्हाळसा तिकडे, आमच्या लेकीचं, ललिताचं सासरही तिकडेच, फोंड्याजवळ. जायला परवाना लागे आणि परतताना नाक्यावर एक चिठ्ठी मिळे. तिच्यावर पलीकडच्या पोर्तुगीज शिपायाचा एक शिक्का आणि अलीकडच्या आपल्या शिपायाचा दुसरा. ती चिठ्ठी मुंबईच्या परवाना कचेरीत नेऊन दिली की माणूस परत आला असं धरायचं. नाही दिली तर तो अजून तिकडेच.

मार्चमध्ये यशोदा लेकीचं डोहाळजेवण करून परतली. नाका ओलांडल्यावर मोटारीच्या धक्क्यांनी देवीच्या प्रसादाची केळीच्या पानातली पुडी फाटली. फुलं पायाखाली जातील म्हणून तिने हाताशी होता त्या कागदात ती बांधली. तो कागद म्हणजे ती चिठ्ठी.

हे आम्हाला कळलं मे उजाडताना, ललिताचे दिवस भरत आल्यावर. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण इतकी अवघडलेली पोर नाक्यापार पाठवायला सासरचे तयार नव्हते, आणि त्यांचं बरोबरच होतं. तिने लिहिलं होतं, आई, तू ये, मला भीती वाटते. म्हणून दुसरा परवाना काढायला गेलो, तर खिडकीवरचा माणूस म्हणाला की यशोदाबाई गोव्यातच आहेत, तर गोव्याला जाणार कशा?

मी सरकारी कचेरीत हेडक्लार्क. बावीस वर्षांत माझ्या टेबलावरचा एक कागद गहाळ झाला नाही, हे मी यशोदेला त्या दिवशी चारदा ऐकवलं. पाचव्यांदा ऐकवायला लागलो तेव्हा तिने शांतपणे विचारलं, देवघरातली फुलं सुकल्यावर निर्माल्याबरोबर चौपाटीला समुद्रात कोणी सोडली? सोडली मीच होती, पुडीसकट, हात जोडून. त्यानंतर मी बराच वेळ वर्तमानपत्र वाचत बसलो.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊनच कचेरीत गेलो आणि तिथल्या साहेबांपुढे उभी केली. साहेब तरुण, चष्मेवाले, बोलायला सौम्य. त्यांनी कपाळाला हात लावला. बाई समोर दिसतायत हे मान्य, पण फायलीला डोळे नसतात, असं म्हणाले. परतल्यानंतरची तारीख आणि बाईंचं नाव असलेला, मुंबईतला एखादा सरकारी कागद आणा. शेजाऱ्यांच्या चिठ्ठ्या चालणार नाहीत. नाहीतर चौकशी होईल, तिला तीन महिने लागतील.

ललिताला तीन आठवडेसुद्धा उरले नव्हते.

घरी येऊन मी ट्रंका उपसल्या. वीजबिल माझ्या नावाचं, भाड्याची पावती माझ्या नावाची, पोस्टाचं पुस्तकही माझंच. वीस वर्षं संसार केलेल्या बाईचं नाव एकाही सरकारी कागदावर नव्हतं. मला पहिल्यांदाच लाज वाटली. यशोदा मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"माझ्याकडे एक कागद आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही रागावाल."

तिने पोथीच्या बासनातून घडी काढली. मॅजिस्ट्रेटच्या कोर्टाचा हुकूम होता. आरोपी यशोदा चिंतामणी केंकरे, राहणार गिरगाव, मनाई मोडून मिरवणूक काढली, घोषणा दिल्या. शिक्षा, कोर्ट उठेपर्यंत कैद. तारीख एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली. त्या दिवशी ती मला दादरला बहिणीकडे जाते म्हणून सांगून गेली होती आणि संध्याकाळी येऊन तिने मला पिठलं-भात वाढला होता. शेजारच्या मृणालिनीबाईंनी संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहाला आळीतल्या अकरा बायका नेल्या होत्या, त्यांतली ही एक.

माझी पाचावर धारण बसली. मीही संयुक्त महाराष्ट्रवाला, पण दार लावून घेतल्यावरचा. कचेरीत मुंबई कोणाची हा विषय निघाला की मी शाईची दौत भरायला उठत असे. आता हा कागद दाखवायचा म्हणजे सरकारी नोकराची बायको सत्याग्रही, हे माझ्याच हाताने सरकारला कळवायचं. नोकरी गेली तर खायचं काय?

यशोदा एवढंच म्हणाली की नको असेल तर राहू द्या, मी ललिताला लिहिते. आणि खरंच ती पत्र लिहायला बसली. दोन ओळी लिहून थांबली आणि रडली. मला ते बघवेना. मी कागदाची घडी खिशात घातली आणि तिला चपला घालायला सांगितलं.

साहेबांनी हुकूम सावकाश वाचला. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही सरकारी नोकर ना?"

"हो."

"आणि या तुमच्या पत्नी? त्या दिवशी मुंबईत होत्या?"

"मुंबईत होती," मी म्हणालो, "आणि मुंबईसाठीच होती."

माझ्या तोंडून हे कसं निघालं कोण जाणे. शेजारच्या टेबलावरचा टाइपरायटर थांबला. साहेबांनी मान खाली घातली, पण हसू लपलं नाही. कागद पुरेसा आहे, म्हणाले, फक्त अस्सल फायलीला लावावा लागेल. त्यावर आमची ही, घरात कधी आवाज न चढवणारी, ठामपणे म्हणाली की अस्सल मिळणार नाही, तो माझा आहे. साहेब जरा विचारात पडले. मग म्हणाले, ट्रू कॉपी चालेल, पण खाली कोणा सरकारी नोकराची सही हवी, नाव आणि हुद्द्यासकट.

यशोदेने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला अडचणीत टाकायचं नाही म्हणून ती खिडकीबाहेर बघत राहिली.

मी खुर्ची ओढली आणि टाक मागितला. बावीस वर्षांत हजारो नकला केल्या असतील, पण इतकं वळणदार अक्षर माझं कधी आलं नव्हतं. आरोपी यशोदा, राहणार गिरगाव, कोर्ट उठेपर्यंत कैद, सगळं ओळीने उतरवलं. भीती होतीच. तरी छाती अशी भरून आली होती की मला मोठ्याने हसावंसं वाटत होतं. खाली लिहिलं, ट्रू कॉपी. त्याखाली माझं पूर्ण नाव, हुद्दा, कचेरी. आणि सही केली.

साहेबांनी परवान्यावर शिक्का मारला. यशोदेने अस्सल कागद मागून घेतला, घडी घातली आणि माझ्या सहीवर वाकून पाहिलं.

"शाई वाळू द्या," ती म्हणाली, "पुसेल."