सर्वांत हलका उंदीर

मी एक जुना वजनकाटा आहे. एवढासा, ताटलीएवढा. मापात कधी कुणाला फसवलं नाही, म्हणून फार टेंभा मिरवायचो. आज, मित्रांनो, मान वर करायची लाज वाटते.

प्रयोगशाळेत माझं काम एकच, उंदीर तोलायचे. माणसाच्या लिव्हरमध्ये चरबी का साठते हे समजून घ्यायला इथल्या संशोधक ताई उंदरांना वेगवेगळं खाणं देतात. एका पिंजऱ्याला तुपकट, गोड गोळ्या. दुसऱ्याला दिसायला साध्याच, पण लिव्हरला लागणारं एक पोषकद्रव्य काढून टाकलेल्या. खाणं घालणं, पिंजरे धुणं, सगळं इथल्या मदतनीस मावशींकडे. उंदराचा डबा माझ्यावर ठेवताना त्या म्हणायच्या, "बस रे राजा, हलू नकोस."

पहिल्या पिंजऱ्यातले गुबगुबीत झाले. दुसऱ्यातले मात्र दर वेळी आणखी हलके भरत. मावशी खूश! "बघा माझी गुणी बाळं, माझ्यासारखी सडपातळ. यांना कसली आलीय चरबी?"

अलीकडे मावशी जिना चढताना धापा टाकत. ताई मागे लागायच्या, "मावशी, एकदा तपासून घ्या ना." मावशी माझ्याकडे बोट दाखवत. "काट्याला विचारा! बारीक माणसाला काही होत नाही." आणि मी फुशारून समोरच्या हलक्या उंदराचा आकडा चमकवायचो.

मग एके दिवशी ताईंनी दुसऱ्या पिंजऱ्यातल्या एका उंदराचं लिव्हर काढून पाहिलं. पिवळट, चरबीने भरलेलं.

"अगं बाई! हा तर सगळ्यांत हलका होता," मावशी म्हणाल्या. जरा वेळाने हळूच विचारलं, "माणसाचंही असं होतं?"

"होतं ना, मावशी. बारीक माणसाचंही."

मी तिथेच टेबलावर होतो. माझा आकडा खरा होता, मित्रांनो, कणाचाही फरक नव्हता. पण तो जीव आतून बिघडत होता आणि मी शाबासकी घेत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मावशींच्या तपासणीत लिव्हरमध्ये चरबी निघालीच. वेळेवर कळलं, म्हणून निभावलं. त्या मला चार शब्द बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्या रोज मला मायेने पुसतात, आणि मी आणखीच ओशाळतो. आता उंदराला त्या आधी ओंजळीत घेतात, डोळे बघतात, अंगावरून बोट फिरवतात. वजन नंतर.

तुमच्या घरीही कुणी म्हणत असेल, 'मी बारीक, मला काय होतंय!' त्यांना माझ्या भरवशावर सोडू नका. हाताला धरून तपासायला न्या. हे सांगायला त्या हलक्या उंदराचा जीव गेला. मी त्याला नुसता तोलत बसलो होतो.